'पडीक' म्हणण्याआधी

मे महिना आला की जागोजागी जेसीबी दिसू लागतात. टेकडीचा उतार असो, शाळेमागचे माळरान असो, सोसायटीतली मोकळी जागा असो. सगळे खरवडायचे, ट्रकने विकतची लाल माती आणून टाकायची, लॉन अंथरायचे. याला म्हणे सौंदर्यीकरण! विचारले तर उत्तर ठरलेले : "अहो सर, तिथे होतेच काय? पडीक तर जागा!"

माझा आक्षेप त्या 'पडीक' शब्दालाच आहे. (मराठीचा मास्तर, शब्दावरच अडणार.)

शाळेत आपण शिकवतो की पाणी, हवा आणि ऊब मिळाली की बी रुजते. मटकीचे तसेच असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने ती तशी निवडली. रानातले बी इतके आज्ञाधारक नसते. टाकळ्याचे कवच एवढे टणक की आत पाणीच शिरत नाही. ते झिजेल, तडकेल तेव्हा बी फुगणार. त्यामुळे एका सालचे सगळे बी एकदम उगवत नाही. थोडे यंदा, थोडे पुढे केव्हातरी. पहिल्या सरीला भुलून वर आलेली रोपे उघडिपीत करपली तरी जमिनीत शिल्लक उरतेच. बऱ्याच बारीक बियांना तर उजेड लागतो. वर दाट पाने असली की ती तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि बी ओळखते, अजून वेळ आली नाही.

किती काळ थांबावे? अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली ओलसर वाळूत बिया मिसळून २० बाटल्या पुरल्या. सोळावी बाटली २०२१ च्या एप्रिलमध्ये, उजेड लागू नये म्हणून रात्री उकरली. तिच्यातल्या व्हर्बॅस्कमच्या २० बिया उगवल्या! बील १९२४ सालीच गेले. शेवटची बाटली २१०० साली उघडायची आहे.

आता कोणी म्हणेल, मग काळजी कसली, येईल सगळे आपोआप. नाही येणार. त्याच बाटलीतल्या इतर जाती केव्हाच मेल्या होत्या. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी तर वाळले की संपले. आणि जे टिकते ते बहुतेक वरच्या वीतभर मातीत असते. जेसीबीचे बकेट नेमकी तीच वीत उचलते आणि कुठल्यातरी खड्ड्यात भर म्हणून टाकते. तिथे खोल गाडलेले बारीक बी उगवले तरी वर पोचत नाही. उलट विकतच्या मातीतून गाजरगवत मात्र फुकट येते.

पावसाच्या सुरुवातीला याच जागांवर बायका टाकळा खुडायला येतात. त्या भाजीला पैसे पडत नाहीत. लॉनवर त्यांना वॉचमन उभेसुद्धा करणार नाही.

म्हणून मागणी एवढीच : जेसीबी बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा, काय काय उगवते ते वहीत लिहा. त्यानंतरही बाग हवीच असेल तर वरची वीतभर माती आधी वेगळी काढून ठेवा, आणि काम झाल्यावर तीच परत पसरा.