सुटले कोण?

“सुटली बिचारी!” एखाद्या घरातील पांगळे, मुके अथवा मतिमंद मूल मरण पावले की समाचाराला आलेल्या मंडळींच्या तोंडून हा उद्गार हमखास निघतो. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. शोकाकुल आईबापांना चार दिलाशाचे शब्द सांगावेत एवढाच त्याचा हेतू असतो, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्या वाचकांनी हा उद्गार एकदा तपासून पाहावा, अशी आमची विनंती आहे. धडधाकट मुलाच्या मृत्यूनंतर हा शब्द कोणी उच्चारील काय? तेथे आपण विचारतो, काय झाले होते? डॉक्टरकडे केव्हा नेले? औषध वेळेवर मिळाले होते काय? दिव्यांग मुलाच्या दारात मात्र हे सारे प्रश्न त्या एका शब्दात बुडून जातात. आणि ज्या मृत्यूविषयी कोणी काही विचारणार नाही, तो मृत्यू ओढवून घेण्यास फारसे धाडसही लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

आज या विषयाचा आरंभ आम्ही एका दूरच्या शहरापासून करीत आहोत. कारण तेथे हा प्रश्न न्यायासनापुढे विचारला गेला आणि त्याची उत्तरे शपथेवर नोंदली गेली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ऑगस्ट २००६ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, १४ वर्षांची एक मुलगी आपल्या राहत्या घरात मरण पावली. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसणे, ही व्याधी होती. तिला चालता येत नव्हते, आपल्या हाताने जेवता येत नव्हते, कूस बदलता येत नव्हती. मृत्यूसमयी तिचे वजन होते ४२ पौंड, म्हणजे अवघे १९ किलो. एकाच जागी पडून राहिल्याने तिच्या अंगाला पडलेल्या जखमा काही ठिकाणी हाडापर्यंत पोचल्या होत्या. ती एकाएकी मेली नाही. ती दिवसेंदिवस, आठवड्यांमागून आठवडे मरत होती.

मग त्या श्रीमंत देशाच्या त्या मोठ्या शहरात तिच्यासाठी कोणी नव्हते काय? होते, आणि हाच या कथेतील सर्वांत भयंकर भाग आहे. मुलांच्या रक्षणासाठी नगरपालिकेचे स्वतंत्र खाते होते. या घराविषयी त्या खात्याकडे एकदा नव्हे, अनेकदा तक्रारी गेल्या होत्या. खात्याने घरभेटींचे काम एका खाजगी कंपनीला मक्त्याने दिले होते. त्या कंपनीच्या माणसाने नेमाने घरी जावे, मुलीला पाहावे, तिला दवाखाना आणि शाळा मिळवून द्यावी, असे ठरले होते. मक्त्याचे पैसे कंपनीला मिळत होते. भेटींची नोंद कागदावर होती. फक्त भेटी नव्हत्या. मुलगी मेल्याचे कळताच कंपनीच्या लोकांनी एकत्र बसून न झालेल्या भेटींचे खोटे कागद तयार केले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण आपण सहज वापरतो; तिचा इतका शब्दशः अर्थ आम्ही क्वचितच पाहिला असेल.

त्या शहरातील ग्रँड ज्युरीने २००८ साली या मृत्यूचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि नऊ जणांवर आरोप ठेवले. त्यांत आईबाप होते, नगरपालिकेच्या खात्यातील नोकर होते, कंपनीची माणसे होती आणि आईसाठी खोटी साक्ष देणारे तिचे स्नेहीही होते. आईने गुन्हा कबूल केला. २००९ साली तिला २० ते ४० वर्षांची शिक्षा झाली. खोट्या भेटींच्या नावाखाली सरकारी पैसा लाटणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना २०१० साली संघराज्याच्या न्यायालयाने दोषी ठरविले. म्हणजे त्या न्यायव्यवस्थेने एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली. मुलीला उपाशी ठेवणारी आई जशी गुन्हेगार, तसाच ‘जाऊन पाहिले’ असे न पाहता लिहिणाराही गुन्हेगार.

‘हे अमेरिकेत घडले, आमच्याकडे कुटुंबसंस्था शाबूत आहे,’ असे म्हणून ज्यांना पान उलटावयाचे असेल त्यांनी किंचित थांबावे. महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील कवडास येथे मतिमंद मुलांचे एक वसतिगृह होते. तेथील मुले उपासमारीने आणि आजाराने दगावल्याच्या बातम्या २०१० साली वृत्तपत्रांत आल्या. त्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाने कोणाच्या अर्जाची वाट न पाहता स्वतः दखल घेतली. पुढच्याच वर्षी पनवेल येथील अशाच एका आश्रयस्थानातील मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. २०१३ साली मुंबईच्या न्यायालयाने त्या संस्थेच्या चालकासह इतरांना दोषी ठरविले. येथे घर नव्हते, संस्था होती. पाटी होती, नोंदवही होती, मुलांच्या नावांची यादी होती. कुंपण होते, आणि शेत त्या कुंपणानेच खाल्ले. कवडास काय किंवा पनवेल काय, ही गावे काही निबिड अरण्यात नाहीत. भारताच्या सर्वांत मोठ्या शहराच्या सावलीत ती आहेत.

या सर्व प्रकरणांना जोडणारा धागा कोणता? आमच्या मते तो एकच आहे. मुलाला कोणी पाहत नव्हते. कागद पाहिले जात होते. पाहिले जात नव्हते ते मूल. धडधाकट मूल उपाशी राहिले तर शेजारणीकडे भाकरी मागते, मार बसला तर रस्त्यावर धावत सुटते, शाळेत गुरुजींना वळ दाखविते. जे मूल धावू शकत नाही, बोलू शकत नाही, त्याच्याजवळ यांपैकी एकही शस्त्र नसते. म्हणूनच अत्याचार करणाऱ्याला ते सोपे सावज वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की, दिव्यांग मुले इतर मुलांच्या तुलनेत ३.७ पट अधिक प्रमाणात हिंसेला बळी पडतात. अशा मुलाच्या बाबतीत पाहणारा माणूस हाच त्याचा एकमेव साक्षीदार असतो. तो साक्षीदार खोटा निघाला की सारा खटलाच संपतो.

येथे सीमाभागातील वाचकांना एक गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही, असे आम्हांस वाटते. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत कोणी प्रश्न विचारतो आणि आपल्या गप्प राहण्याला ‘तक्रार नाही’ असे लिहून घेतो, तेव्हा काय वाटते, हे आपण अनुभवाने जाणतो. मग घरात केवळ मराठीचे चारदोन शब्द ओळखणारे, किंवा केवळ आईच्या खुणा ओळखणारे मूल अनोळखी अधिकाऱ्यापुढे बसविले की त्याचे काय होत असेल? पॉक्सो कायद्याने यावर मार्ग सांगितला आहे. अत्याचाराच्या प्रकरणात दिव्यांग मुलाचा जबाब घेताना त्याच्याशी संवाद साधू शकणारा विशेष शिक्षक किंवा जाणकार मदतीस घेता येतो. परंतु गुन्हा घडून गेल्यावर जी सोय हवी, ती गुन्हा घडण्याआधीच्या तपासणीत तर अधिकच हवी. ज्याला मुलाची भाषा, मग ती मराठी असो, कन्नड असो की हातांच्या खुणांची असो, कळत नाही, त्याने केलेली तपासणी ही भिंतींची तपासणी होय.

आपल्याकडे कायदे नाहीत, अशी सबब कोणी सांगू नये. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात तपासणी समिती हवी. तिने मुलांच्या प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी. भेटीस जाणारे तिघांपेक्षा कमी नसावेत, आणि त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली तर तो गुन्हा आहेच. परंतु जाणूनबुजून दुर्लक्ष केले तर तोही याच कायद्याने गुन्हा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. दिव्यांग माणसाचा छळ होत असल्याची ज्याला खात्री वाटते, अशा कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे वर्दी देता येते. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कायद्याच्या कपाटात उणे काही नाही. उणे आहे ते कपाट उघडणाऱ्या हाताचे.

म्हणून आम्ही आमच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना आणि तितक्याच आग्रहाने आमच्या वाचकांना सांगतो, की पुढील प्रश्न विचारले गेले पाहिजेत. जिल्ह्यात दिव्यांग मुले ठेवणाऱ्या संस्था किती, आणि त्यांपैकी नोंदलेल्या किती? गेल्या वर्षात तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला किती भेटी दिल्या? भेट पूर्वसूचना देऊन झाली की न देता? मुलांची वजने कोणी केली? अंथरुणाला खिळलेल्या मुलाची पाठ कोणी उघडून पाहिली? मूल दगावले तर त्याच्या मृत्यूचे कारण कोणी तपासले? हे प्रश्न विचारण्यास मोठे वकील लागत नाहीत. माहितीचा अधिकार २००५ पासून सामान्य नागरिकाच्या हातात आहे. नगरसेवकाने, शिक्षकाने, महिला मंडळाने, तरुण मंडळाने असा एक एक अर्ज जरी केला, तरी कागदी घोडे नाचविणाऱ्यांना जाब देणे भाग पडेल.

परंतु सर्वच मुले संस्थेत नसतात. बहुसंख्य मुले आपापल्या घरी, पाहुणे आले की मागच्या खोलीत नेली जाणारी अशी असतात. त्यांचे रक्षण कोणती समिती करणार? आमचे उत्तर असे की, ते काम सर्वांत उत्तम रीतीने शाळा करते. २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांनुसार भारतात १९ वर्षांपर्यंतची ७८ लाखांहून अधिक दिव्यांग मुले होती. आणि ५ ते १९ या वयोगटातील अशा मुलांपैकी एकचतुर्थांश मुले कोणत्याही शाळेत जात नव्हती. हा केवळ शिक्षणाचा प्रश्न आहे असे समजणे चूक आहे. जे मूल रोज दहा माणसांच्या नजरेस पडते, ते एकोणीस किलोचे होईपर्यंत कोणाच्या ध्यानात न येता राहू शकत नाही. दप्तर उचलता आले नाही तरी चालेल, अक्षर गिरविता आले नाही तरी चालेल. हजेरीपटावर नाव असले आणि ते नाव रोज पुकारले गेले, तर ते मूल जिवंत आहे की नाही हे विचारणारा निदान एक माणूस तरी जगात असतो.

आईबापांविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हा विषय संपविणे अन्यायाचे होईल. अशा मुलाची आई वर्षानुवर्षे एक रात्र सलग झोपलेली नसते. तिला लग्नकार्याला जाता येत नाही, आजारी पडण्याची सवड नसते, आणि ‘माझ्यामागे याचे कोण?’ हा एक प्रश्न तिच्या उशाशी कायम बसलेला असतो. बहुतेक आया हे ओझे हसतमुखाने वाहतात आणि त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु थकलेल्या माणसाला सहानुभूती वेगळी आणि मुलाच्या जिवावर उठलेल्याला सहानुभूती वेगळी. पहिली वेळेवर दिली तर दुसरीची पाळी येत नाही. अमेरिकेत २०१२ पासून दरवर्षी १ मार्चला, आपल्याच घरच्यांच्या हातून मारल्या गेलेल्या दिव्यांगांची नावे मोठ्याने वाचून त्यांचा शोक पाळला जातो. हा दिवस दिव्यांगांनी स्वतः सुरू केला, कारण वृत्तपत्रांतील सारी कणव मारणाऱ्याच्या वाट्याला जाते आणि मेलेल्याचे नावही कोणी घेत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. जिच्या मृत्यूचा शोक होत नाही, तिचे जगणेही जगाने कधी मोजलेले नसते.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. आपल्या गल्लीत असे मूल असेल तर त्याचे नाव ठाऊक करून घ्या. सणासुदीला त्या घरी जाल तेव्हा मागच्या खोलीत जा आणि त्याच्याशी बोला. ते उत्तर देवो अगर न देवो. त्याच्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळे करा. ते दिवसेंदिवस वाळत चालले असेल, अंगावर वळ दिसत असतील, दार सतत बंद राहत असेल, तर ‘दुसऱ्याच्या घरात कशाला पडा’ हा शहाणपणा गुंडाळून ठेवा आणि वर्दी द्या. आणि इतके करूनही एखादे दिवशी ते मूल गेलेच, तर त्या दारात उभे राहून ‘सुटली बिचारी’ असे म्हणू नका. फिलाडेल्फियाची ती मुलगी सुटली नाही. तिला जगावयाचे होते, आणि म्हणूनच इतक्या उपासातही ती इतके दिवस जगली. तो शब्द उच्चारला की सुटतो तो न गेलेला तपासनीस, सुटते ते खाते, सुटतो तो शेजारी. सुटतो आपण. ती सुटका आम्हांला नको आहे, आणि आमच्या वाचकांनाही ती नको असेल, असा आमचा विश्वास आहे.