जाहिरात फुकट, बिल दुसऱ्याच्या नावावर

२३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या स्टँड-अपच्या हॉलमध्ये खुर्च्या उडाल्या, दिवे फुटले, कॅमेऱ्यांसमोर शिव्यांची लाखोली वाहिली गेली. ज्याच्यावर राग होता तो विनोदवीर कुणाल कामरा तिथे नव्हताच. त्याच्या 'नया भारत' या कार्यक्रमाचं चित्रीकरण आधीच उरकलं होतं. त्या रात्री मंचावर दुसराच कोणीतरी लोकांना हसवत होता. त्याचा कार्यक्रम अर्ध्यावर बंद पडला.

कामराने 'दिल तो पागल है'मधल्या एका गाण्याच्या चालीवर, नाव न घेता, एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केलं होतं. शिंदेंच्या शिवसेनेचे कार्यकर्ते चिडले. बाराजणांना अटक झाली आणि लगेच जामीनही झाला. पाठोपाठ महापालिकेचं पथक हातोडे घेऊन आलं आणि अनधिकृत बांधकाम म्हणून त्या जागेचा काही भाग पाडून गेलं. हॅबिटॅटच्या चालकांनी दुखावलेल्यांची माफी मागितली आणि तूर्त दार बंद करत असल्याचं जाहीर केलं.

इकडे तो व्हिडिओ काही दिवसांत कोटीच्या घरात पोचला. खालच्या बटनावरून लोकांनी कामराला पैसेही पाठवले, त्यात परदेशी चलनही होतं. ज्यांना स्टँड-अप म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्यांनाही ती चाल पाठ झाली. शिंदेंच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्यांनीच शिंदेंवरचं गाणं घरोघरी पोचवलं.

हे घरोघरी पोचवण्याचं काम कसं चालतं, ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी रोज बघतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. 'बघा, काय पातळीला गेलेत हे लोक! जाहीर निषेध!' असा मजकूर लिहून खाली तोच व्हिडिओ जोडतात. जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "काका, मी तर हा बघितलाच नव्हता, तुमच्यामुळे बघितला." त्यावर काका शांतपणे म्हणाले, "मग बरोबरच आहे. बघितल्याशिवाय निषेध कसा करणार?" पुढे हळूच विचारलं, "पूर्ण भाग कुठे मिळेल रे?"

काकांना हसण्यात अर्थ नाही. वृत्तवाहिन्या हेच करतात, फक्त मधे एक 'बीप' टाकतात. बीपमुळे शब्द झाकला जातो आणि कुतूहल चाळवतं. हे शास्त्र जुनं आहे. मॉंटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७९ सालच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' या चित्रपटावर देवनिंदेचा ठपका आला आणि नॉर्वेने त्यावर बंदी घातली. शेजारच्या स्वीडनमध्ये वितरकांनी जाहिरात केली, की हा चित्रपट इतका विनोदी आहे की नॉर्वेत त्यावर बंदी आहे. बंदी घालणाऱ्यांनी जाहिरातीचा मजकूर फुकट पुरवला होता.

आपल्याकडेही २०१५ च्या जानेवारीत 'एआयबी नॉकआउट' यूट्यूबवर आला. वरळीला चार हजार प्रेक्षकांसमोर झालेला तो शिवराळ कार्यक्रम. तक्रारी झाल्या, आठवडाभरातच तो उतरवला गेला आणि मग पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरला. त्यात खरोखर किती विनोद होते आणि नुसत्या शिव्या किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

माझी तक्रार इथेच आहे. वाद पेटला की विनोद बरा की वाईट, हे बोलायची सोयच राहत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमात रणवीर अलाहाबादियाने आई-वडिलांविषयी एक किळसवाणा प्रश्न विचारला. तो प्रश्न फुसका होता आणि उसनाही होता. तसाच प्रश्न एका परदेशी कार्यक्रमात आधी येऊन गेला होता. 'पडला' म्हणून सोडून द्यावा अशी त्याची लायकी. पण महाराष्ट्र सायबरपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे कामाला लागले आणि त्या फुसक्या प्रश्नाला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

लेटेंटचं चित्रीकरणही हॅबिटॅटमध्येच होत असे. म्हणजे सत्तेतल्या माणसावर नेम धरून केलेलं विडंबन आणि नुसती चावट बडबड, दोन्ही एकाच मंचावरून आली आणि दोन्हींना एकच वागणूक मिळाली. फरक करणारा समीक्षक लागतो. त्याच्या खुर्चीवर आपण फौजदाराला बसवलं आहे.

मराठी माणसाला तर हा फरक कोणी शिकवायला नको. तमाशातला सोंगाड्या राजाला आणि कोतवालाला तोंडावर टोले हाणत आला आहे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन चालू राजकारणावर कोट्या करत. पुढे चित्रपटांत त्यांनी द्वयर्थी संवादांची फॅक्टरीच काढली. त्यांची युक्ती सेन्सॉरला घाम फोडणारी होती. वाक्याचा सोज्वळ अर्थ दादांच्या खिशात तयार असायचा आणि दुसरा अर्थ आपल्या मनात आला, हे कबूल करायची पाळी समोरच्या सदस्यावर यायची. आणि गंमत बघा, १९७१ साली दादांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळेना, तेव्हा शिवसेनाच त्यांच्या बाजूने उभी राहिली होती. तेव्हा विनोदाला दार उघडून देणारं नाव पुढे दार फोडणाऱ्यांनी लावावं, याला काय म्हणावं?

वादाचा फायदा सगळ्यांना सारखा होतो, असंही नाही. विनोदवीर मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरच्या एका कॅफेतून पकडलं. त्या रात्री न केलेल्या विनोदासाठी तो ३७ दिवस तुरुंगात होता. सुटल्यावर त्याचे कार्यक्रम शहरोशहरी रद्द झाले. पण नाव झालं होतं. २०२२ मध्ये 'लॉक अप' आणि २०२४ च्या जानेवारीत 'बिग बॉस' त्याने जिंकलं. त्याच प्रकरणात पकडलेल्यांत त्या भागातला एक नवखा विनोदवीर होता. तो मुनव्वरपेक्षा जास्त दिवस आत राहिला, आणि बाहेर आल्यावर मजुरी करत असल्याच्या बातम्या आल्या. गुन्हा एकच, पण एकाच्या हाती चषक आला आणि दुसऱ्याच्या हाती घमेलं.

लेटेंट प्रकरणाची झळ मराठीलाही लागली. भाडिपा या मराठी यूट्यूब वाहिनीला 'अतिशय निर्लज्ज कांदेपोहे'चा व्हॅलेंटाइन डेचा भाग पुढे ढकलावा लागला. खरी झळ मात्र नवख्यांना लागते. हॅबिटॅटसारख्या हॉलमध्ये नवख्यांसाठीच्या ओपन माइकला पाच मिनिटांच्या 'स्पॉट'साठी ऑफिस सुटल्यावर कल्याण-डोंबिवलीहून लोकलला लटकत येणारी पोरं-पोरी आहेत. तिथे सेट पडतो, मागून वेळ संपल्याचा दिवा लागतो, पुढच्या आठवड्यात सुधारलेला 'पंच' घेऊन तीच पोरं परत येतात. विनोद शिकायची एवढीच काय ती शाळा. तिच्या खुर्च्या फुटल्या, की कोटी प्रेक्षकवाल्याचं फार बिघडत नाही. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावरून नाव उतरलं तरी त्याचा प्रेक्षक त्याला शोधून काढतो. या पोरांना मात्र उभं राहायला जागा उरत नाही.

विनोदवीरांनाही यातून वाईट धडा मिळतो. महिनाभर घासून एक पंच बसवण्यापेक्षा कोणाची तरी भावना दुखावणं सोपं आणि किफायतीचं, हे हुशार माणसाला कळायला किती वेळ लागणार? 'वादग्रस्त' हे बिरूद झालं की कारागिरी मागे पडते. आज भावना दुखावून घेणारे आणि भावना दुखावणारे यांची भागीदारी जोरात चालू आहे. तोटा प्रेक्षकाचा, हॉलवाल्याचा आणि त्या नवख्या पोरांचा.

कायदा हातात घेणाऱ्यांकडून फुटलेल्या प्रत्येक खुर्चीचे पैसे वसूल व्हायला हवेत, ते काम सरकारचं. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. न आवडलेला विनोद निषेधाच्या निमित्तानेसुद्धा पुढे पाठवू नका. आणि महिन्यातून एकदा, ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाही अशा कोणाच्या तरी ओपन माइकचं तिकीट काढा. आवडलं तर टाळी द्या. नाही आवडलं तर हसू नका आणि बाहेर पडताना का आवडलं नाही ते त्याला सांगा.