दिवाळीची सुट्टी, बटाट्याची सुट्टी आणि लाल शेरा



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की आपण पहिला निबंध कोणता देतो? 'माझी दिवाळीची सुट्टी'. आणि वह्या तपासायला घेतल्या की बहुतेकांत तेच असतं. उटणं, अभ्यंगस्नान, किल्ला, फराळ, मामाचा गाव. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. सुट्टीत आमचं सोयाबीन निघालं, मी बांधावर भावाला सांभाळलं, मळणीयंत्राचा भुसा डोळ्यात गेला, मग दिवाळी झाली. मी लाल शाईने शेरा मारला, 'विषय सोडून लिहिले आहे.' दहापैकी तीन गुण.

आज वाटतं, विषयाला धरून लिहिणारी वर्गात ती एकटीच होती.

असं का म्हणते? जगात शरद ऋतूतल्या शाळेच्या सुट्ट्या कशा पडल्या ते बघा. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजूनही कितीतरी लोक 'टॅटी हॉलिडेज' म्हणतात. टॅटी म्हणजे त्यांच्या बोलीत बटाटा. पर्थशायर, अँगस या भागांत बटाट्याचं पीक मोठं. यंत्राने सरी उकरायची आणि मुलांनी मागून वाकून बटाटे वेचायचे, टोपल्या भरायच्या. दिवसभर, थंडीत. मजुरी मिळायची. सुट्टी पुरेना म्हणून १९४७ साली मोठ्या मुलांना बटाटे काढणीसाठी शाळेतून सूट देणारा कायदाही झाला. पुढे काढणीची मोठी यंत्रं आली, मुलं शेतातून घरी आली, पण सुट्टी राहिली. डेन्मार्कमध्ये वर्षाच्या ४२ व्या आठवड्यात शाळा बंद असतात, त्या सुट्टीचं जुनं नावही 'बटाट्याची सुट्टी'च. जर्मनीतही तसंच नाव होतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, अरूस्टुक भागात, शाळा ऑगस्टमध्येच सुरू व्हायच्या आणि बटाटे काढायला मध्येच बंद व्हायच्या. आता तिथली ही सुट्टी कमी होत चालली आहे.

हे मी कौतुकाने सांगत नाही हं. ती पोरं कष्टच करत होती. पण एक गोष्ट होती, वर्गातलं मूल काढणीच्या दिवसांत कुठे असतं हे तिथल्या शाळेला माहीत होतं.

मोठ्यांच्या सुट्ट्यांचंही मूळ तेच. कोरियात चुसोकला नव्या तांदळाचे सोंगप्योन करतात आणि पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला श्रमाबद्दल आभार मानण्याची सुट्टी असते. तिचं हे नाव १९४८ मधलं, पण त्यामागचा नव्या भाताचा विधी फार जुना आहे. आणि आपल्याकडे? घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरून ते कसं उगवतं हे नऊ दिवस बघणं, कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधणं, नवान्न पौर्णिमा. हे सगळं आपल्या घरात होतं, पण निबंधात येत नाही. निबंधात फक्त रावण येतो. (रावणाला माझा विरोध नाही, मुलांना तो फार आवडतो.)

काही पालक म्हणतील, मॅडम, निबंधात सोयाबीन आलं काय आणि चकली आली काय, काय फरक पडतो? पडतो. मराठवाड्यातल्या शिक्षकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. बीडसारख्या जिल्ह्यातून तर गावंच्या गावं रिकामी होतात. आपली सुट्टी संपते तेव्हा या मुलांचं कारखान्यावरच्या पालावरचं जगणं सुरू झालेलं असतं. ती परततात तोवर वर्ष संपत आलेलं असतं. साखरशाळा आहेत, हंगामी वसतिगृहं आहेत, पण प्रत्येक मूल तिथे पोचतंच असं नाही. आपण हजेरी घेतो, 'गैरहजर' लिहितो आणि उरलेल्यांना सुट्टीवर निबंध देतो.

आपली सुट्टी पंचांग बघून ठरते, ठरू दे. पण सुट्टीच्या आधीचा शेवटचा आठवडा तरी आपल्या हातात आहे ना? त्या आठवड्यात मी आता वर्गात विचारते, यंदा तुमच्या घरी काय निघणार? कापूस, सोयाबीन, भात? आणि कोण कोण गावाबाहेर जाणार? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलं गप्प बसली. त्यांना वाटलं, बाई ओरडणार. मग एकाने हात वर केला, मग सातांनी. जाणाऱ्यांची शिक्षण हमी कार्डं त्याच आठवड्यात भरून घेते, कारण दिवाळीनंतर भरायला समोर कोणी नसतं. आईवडील कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुलांना बरोबर माहीत असतं, बरं का. कधी कधी मुकादमाचा फोन नंबरसुद्धा पाठ असतो.

निबंधाचा विषयही बदलला आहे. यंदा फळ्यावर 'आमच्या घरी आलेलं नवं धान्य' असं लिहिणार आहे. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी किराणा दुकानात नवा तांदूळ कधी येतो ते विचारून यायचं.