लढाईच्या धामधुमींत गरिबाचा वकील कोण?

लढाई पेटली म्हणजे सरकारला दोन शत्रू दिसूं लागतात. एक सरहद्दीपलीकडला आणि दुसरा घरांतला. पहिल्याशीं फौज लढते. दुसऱ्याला शिपाई रात्रीं घरांतून उचलून नेतो. उचललेला माणूस खरोखर शत्रू आहे कीं नाहीं, हें पाहण्यास कोणास सवड नसते. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, आणि तें ओलें बहुधा गरिबाचेंच असतें.

1962 सालची गोष्ट घ्या. ऑक्टोबरांत चीनशीं लढाई जुंपली आणि 26 तारखेस आणीबाणी पुकारली गेली. आसाम, दार्जिलिंग ह्या बाजूस चिनी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कोणी सुतार, कोणी जोडे शिवणारे, कोणी चहाच्या मळ्यांत राबणारे. त्यांतले कित्येक ह्याच मातींत जन्मलेले. अशीं सुमारें 3000 माणसें, बायकापोरांसह, आगगाडींत घालून राजस्थानांतील देवळीच्या छावणींत डांबण्यांत आलीं. खटला नाहीं, साक्षीपुरावा नाहीं. लढाई 21 नोव्हेंबरला थांबली. पण कांहीं कुटुंबांचीं वर्षेंच्या वर्षें त्या तारांच्या कुंपणांत गेलीं. सुटून आले तों कित्येकांचीं घरेंदुकानें लिलांवांत निघालेलीं!

त्याच आणीबाणींत प्रभाकर संझगिरी यांस भारत संरक्षण नियमांखालीं मुंबईच्या तुरुंगांत ठेवलें होतें. तेथें त्यांनीं अणूविषयीं मराठींत पुस्तक लिहिलें. तें छापण्यासाठीं घरीं पाठवूं देण्यास सरकारनें नकार दिला. संझगिरी हायकोर्टांत गेले व जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें. 1965 सालीं तेथेंही सरकार हरलें. कांहीं मूलभूत हक्क गोठवले, तरी कायद्यांत नसलेला निर्बंध कैद्यावर लादतां येत नाहीं, असें कोर्टानें बजावलें. म्हणजे लढाईच्या काळींही कोर्टाचें दार पुरतें बंद नव्हतें. संझगिरींस तें दार ठाऊक होतें. देवळीच्या सुतारास तें कोण दाखवणार?

कोणी म्हणेल, देश संकटांत असतां वकिली फांटे कशाला? आम्ही विचारतों, वकील दिल्यानें हेर सुटतो काय? ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे तो आंतच राहतो. सुटतो तो नांवाच्या घोटाळ्यानें, शेजाऱ्याच्या वैरानें किंवा नुसत्या तोंडवळ्यावरून धरलेला. निरपराध्यास डांबून सरहद्द तसूभरही बळकट होत नाहीं.

पुढें कायदा सुधारला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीमुळें जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आतां आणीबाणींतही गोठवतां येत नाहीं. 1987 च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें कोठडींतील माणसास, मिळकत न विचारतां, फुकट वकील मिळतो. परंतु मेख निराळीच आहे. 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालीं स्थानबद्ध झालेल्यास सल्लागार मंडळापुढें वकील उभा करण्याचा हक्क नाहीं. 1981 सालीं सुप्रीम कोर्टानेंही हें मान्य केलें. वकील नसलेला एखादा मित्र तेवढा मदतीस घेतां येतो. सरकारच वकील आणील, तर मात्र कैद्यासही तो द्यावा लागतो. ज्या शेतकऱ्यास सातबारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्यानें कायद्याच्या कागदांस एकट्यानें उत्तर द्यावें काय?

आमची मागणी सरळ आहे. सल्लागार मंडळापुढें वकील हक्कानें मिळावा. माणूस धरल्याच्या दिवशींच विधि सेवेच्या वकिलास वर्दी द्यावी. त्यास कोठें ठेवलें, हें घरच्यांस लेखी कळवावें. लढाई असो वा नसो, ह्यांत खंड पडूं नये.

बंधुभगिनींनो, कायदा कागदावर असून भागत नाहीं, तो मागावा लागतो. घरचा माणूस उचलला गेला तर दलालाच्या किंवा पुढाऱ्याच्या ओट्यावर ताटकळत बसूं नका. तालुक्याच्या कोर्टांतील विधि सेवा समितीकडे जा, अर्ज द्या, पोंच घ्या. माणसाचा ठावठिकाणाच लागेना, तर हायकोर्टांत हेबियस कॉर्पसचा अर्ज करतां येतो. तो आई करूं शकते, बायको करूं शकते. अंगठा उठवणारीचा अर्जही कोर्टास ऐकावाच लागतो.