साप उतरविणारे व त्यांचें बिंग फोडणारे

गेल्या श्रावणांत आमच्या शाळेंतील इयत्ता चौथीचा एक मुलगा सर्पदंशानें गेला. रात्रीं तो जमिनीवर गोधडी टाकून निजला होता. पहांटे पोटांत कळ आली, पापण्या मिटूं लागल्या, पाणी गिळवेना. जखम कोठें दिसत नव्हती. घरच्यांनीं त्यास शेजारच्या वाडींतील भगताकडे नेलें. भगतानें लिंबाचा पाला चारला, अंगारा लावला, नारळ फोडला आणि ‘दुपारपर्यंत उतरेल’ असा शब्द दिला. दुपारीं श्वास अडखळूं लागला तेव्हां धांवाधांव झाली. तालुक्याच्या वाटेवरच पोर संपलें.

मण्यार अशीच चावते. रात्रीं येते, दंश फारसा दुखत नाहीं, सूजही येत नाहीं. विष मज्जातंतूंवर चालतें आणि शेवटीं छातीचे स्नायू थकतात. अशा वेळीं यंत्रानें श्वास चालूं ठेवून लस दिली तर माणूस वांचतो. भगताच्या ओट्यावर गेले ते सहा तासच त्या मुलाचे होते.

आतां कोणी म्हणेल, ‘मास्तर, आमच्या आज्याचा साप याच देवळांत उतरला.’ उतरला असेल! पण तो साप कोणता होता? धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सारे बिनविषारी. आपल्या शेतांतले बहुतेक साप अशांपैकींच. शिवाय नाग किंवा घोणस चावली तरी प्रत्येक दंशांत विष सोडतेच असें नाहीं. म्हणजे भगताकडे दहा माणसें गेलीं तर त्यांतलीं बरींचशीं कांहीं न करतांही घरीं येणारच. जीं आलीं तीं त्याचा डंका वाजवितात. जीं गेलीं तीं बोलावयास येत नाहींत, आणि त्यांच्या घरच्यांस ‘उशिरा आणलें, विटाळ झाला’ असें सांगून वाटेस लावितात. दुकान चालतें तें या हिशेबावर.

हा हिशेब उघडा करणारास मात्र आपण धर्मबुडवा म्हणतों. केरळांत जन्मलेले व सिंहलद्वीपांत राहिलेले डॉ. अब्राहम कोवूर यांनीं १९६३ सालीं एक लाख रुपयांचें आव्हान दिलें कीं, कसोटीखालीं एक तरी चमत्कार करून दाखवा. १९७८ सालीं ते वारले. पैसे कोणीही जिंकले नाहींत. आपल्या महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर गांवोगांव हेंच सांगत फिरले. २० ऑगस्ट १९१३ नव्हे, २०१३ रोजीं पुण्यांत त्यांस गोळ्या घातल्या. शतकाचा आंकडा मुद्दाम चुकवून लिहिला. वाचणारास दोन्ही खरे वाटावे अशीच ती गोष्ट आहे. त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यांत जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र वा गंडादोरा करणारास त्यांत सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

परंतु बिंग फोडणें म्हणजे नुसतें हंसणें नव्हे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालन्याकडील शेतकऱ्याचे पुत्र. कोंकणांतील तांबड्या विंचवानें लहान मुलें पटापट दगावत. त्यांनीं एकेका रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब लिहून ठेविला, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानें मरणाचें प्रमाण पुष्कळच खालीं आणून दाखविलें. विंचवाच्या मांत्रिकास याहून मोठा तडाखा कोणता?

ज्योतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज काढला तो मधला दलाल नको म्हणून. भटजीच्या पंचांगास नांवें ठेवण्यांत आपण तरबेज झालों. पण आज दंशावर अंगारा फुंकणारा बहुधा आपल्यापैकींच असतो, आपला सोयरा असतो, म्हणून आपली जीभ लुळी पडते. त्या मुलाचा भगतही आमच्याच जातीचा. त्याच्या घरीं आम्ही जेवलों आहों. त्यास तोंडावर बोलावयास आम्हांस महिना लागला, हें कबूल करतों.

सन २००० ते २०१९ या काळांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं. बंगल्यांत पलंगावर निजणारांचा हा प्रश्न नव्हे, म्हणून त्याची हांकाटीही होत नाहीं. भगत चार घरांवर आहे, दवाखाना चार कोसांवर, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच येत्या ग्रामसभेंत प्रत्येकानें उठून विचारावें: आपल्या आरोग्यकेंद्रांत सापाची लस आज आहे काय? किती कुप्या? रात्रीं देणारा कोण? उत्तर लिहून घ्यावें व चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावें. त्याखालीं एवढेंच लिहावें कीं, दंश झालेला हात-पाय हलवूं नये, जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट दोरी आवळूं नये, १०८ वर फोन करावा. अक्षर आमच्या शाळेंतलीं मुलें काढून देतील.