म्हातारपणाचा दाखला कोण देणार?

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. वयोमर्यादा १५ ते ३५. २०१७ साली पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आले. वयोमर्यादा १४ ते ६०. आता हिशेब मांडा. १९७८ साली छत्तिशीत असलेली पैठण तालुक्यातील अल्पभूधारक स्त्री अक्षरांसाठी म्हातारी ठरली; २०१७ साली, पंचाहत्तरीत, संगणकासाठीही. एकाच आयुष्यात शासनाने तिला दोनदा वर्गाबाहेर उभे केले!

आणि अपेक्षा काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर येऊन करावयाची नोंद आता शेतकऱ्याने मोबाईलवर स्वतः करावयाची. अर्थशास्त्रात याला खर्चाचे स्थलांतर म्हणतात: कचेरीचे श्रम वाचले, ते वृद्धेच्या माथी आले. शिकवायचे नाही, पण परीक्षा मात्र घ्यायची, असा हा न्याय आहे.

म्हाताऱ्यांना जमत नाही, हा युक्तिवाद खोटा आहे. संकरित बियाणे, विजेचा पंप याच पिढीने आत्मसात केला. बोट धरून, न हिणवता, तीच गोष्ट दहादा सांगणारा कोणी भेटला, तर मराठीत बोलून माहिती शोधणेही तिला अवघड नाही.

म्हणून साथींनो, मागण्या दोन: साक्षरतेच्या कोणत्याही योजनेत वयाची वरची मर्यादा नको, आणि प्रत्येक सेवेसाठी माणूस बसलेली खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. तोवर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ वृद्धांच्या वर्गासाठी राखावी. वर्ग न घेता केवळ निवेदने देणे आपल्याला शोभणारे नाही.