पत्र वाचायला डेटाबेस कशाला?

शनिवारी सकाळी सहज बाबांची एक जुनी मेल आठवली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनला केटी लागली, तेव्हा त्यांनी लिहिलेली. एवढं लांब त्यांनी मला एकदाच लिहिलंय. ते खातं मी पॉपवर ठेवलेलं, म्हणजे सर्व्हरवर काहीच शिल्लक नाही. जे काही आहे ते लॅपटॉपवर.

लिनक्सवरचा माझा मेल प्रोग्रॅम उघडला, तर म्हणतो, डेटाबेस सर्व्हर सुरू झाला नाही! अरे बाबा, मला पत्र वाचायचंय, बँक चालवायची नाहीये.

दोन तास लॉग वाचले. पोटात गोळा आलेला. शेवटी कळलं, मेल्स सुखरूप होत्या, मेलडिरमध्ये. म्हणजे साधे फोल्डर आणि प्रत्येक मेलची वेगळी फाइल. मोडला होता तो वरचा डेटाबेस. मटला तो फोल्डर दाखवला आणि क्षणात बाबांची मेल समोर! मट १९९५ सालचा, माझ्याहून वयाने मोठा, टर्मिनलमध्ये चालणारा.

आता पटापट शोधायला इंडेक्स लागतो, मान्य. पण ग्रंथालयाची कार्डं विस्कटली म्हणून कोणी पुस्तकांच्या खोलीला कुलूप लावतं का? कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, काय हवं ते जोडा. ते बंद पडलं तरी पत्र उघडलं पाहिजे. एवढंच माझं म्हणणं.

असो. तुमच्या मेल्स नक्की कुठे आहेत, आज एकदा बघून ठेवा. आणि हो, कॉपी काढा.